अकरावीतला मुलगा दिवाळीपासून गप्प आहे. त्याच्याशी कसे बोलावे?

तासगावची आई

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून अकरावी विज्ञान शाखेसाठी त्याला सांगलीला खोली करून दिली होती. पण दिवाळीला घरी आला तो परत जायला तयार नाही. याला आता पाच आठवडे झाले. रात्री दोन-तीनपर्यंत जागतो, सकाळी अकराशिवाय उठत नाही, जेमतेम अर्धी भाकरी खातो. कबड्डीशिवाय ज्याचा दिवस जात नव्हता, तो मित्र दारात आले तरी आतून बाहेर येत नाही. विचारले की अंगावर येतो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. परवा मात्र स्वतःहून म्हणाला, "माझ्यामुळे तुमचा नुसता खर्च होतोय." यांना वाटते की अभ्यास टाळण्यासाठी हे सोंग आहे. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि आता त्या देवऋषाकडे न्यायचे म्हणतात. हे वयामुळे आहे की आजार आहे, आणि त्याच्याशी नेमके काय बोलावे, हे मला कळत नाही.

समुपदेशक, मिरज

ताई, दोन दिवस रुसणे आणि पाच आठवडे असे राहणे यांत फरक आहे. झोप, भूक, आवडीचा खेळ आणि मित्र या चारही गोष्टी एकदम सुटल्या असतील आणि ते दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तज्ज्ञांनी मुलाला पाहिलेच पाहिजे. या वयात नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसते आणि घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो.

खर्चाबद्दल तो जे बोलला, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण घरच्यांवर ओझे आहोत ही भावना धोक्याची असते. म्हणून त्याला स्पष्ट विचारा: "तुला कधी जगावेसे वाटत नाही, जीव द्यावासा वाटतो, असे होते का?" असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही, उलट मनात असेल तर ते बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला, तर रडू नका, शपथ घालू नका, त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि एक काम आजच करा. तुमच्याकडे बाग आहे, म्हणजे फवारणीची औषधे आणि तणनाशके घरात किंवा शेडमध्ये असणारच. ती सगळी कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात राहू द्या. अशा वेळचा आवेग अनेकदा थोड्या अवधीत ओसरतो, आणि त्या अवधीत विष हाताशी नसणे याने जीव वाचतात.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. रात्री-अपरात्री बोलायचे असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, क्रमांक २०२२ पासून सुरू आहे; तो विनामूल्य असून मराठीत बोलता येते.

एक वडील, सातारा

हे उत्तर मी ताईंपेक्षा त्यांच्या यजमानांसाठी लिहीत आहे. माझी मुलगी नववीत असताना मीही "तुला कमी काय आहे?" हेच विचारत असे. त्या प्रश्नाने तिला उत्तर तर सुचत नव्हतेच, वर आपण कृतघ्न आहोत असे वाटू लागले, हे तिने पुढे मला सांगितले. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, कारण थायरॉईड किंवा रक्ताची कमतरता असली तरी असाच थकवा येऊ शकतो. मग समुपदेशन सुरू झाले आणि पुढे गोळ्या. गोळ्यांची सवय लागेल या भीतीने मी महिनाभर अडून बसलो, त्याचे मला आजही वाईट वाटते. या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या सवय लावणाऱ्या नसतात. मात्र गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत मुलावर अधिक लक्ष ठेवावे लागते आणि मनाने बंद करायच्या नसतात.

बोलण्याचे म्हणाल, तर समोर बसवून विचारले की ती गप्प होई. संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने आम्ही दोघे चालायला जाऊ लागलो. पहिले दहा-बारा दिवस एक शब्द नाही, मग एकदा आपणहून वर्गातला एक प्रसंग सांगितला. मी उपाय सुचवला नाही, फक्त ऐकले.

निवृत्त शिक्षिका, कराड

सांगलीच्या खोलीवर किंवा वर्गात काही घडले का, याची चौकशी जरूर करा. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा शहरात मागे पडला की त्याला घरी तोंड दाखवायला लाज वाटते. हे वर्ष गेले तरी चालेल, हे त्याने वडिलांच्या तोंडून ऐकणे फार गरजेचे आहे. सासूबाईंशी वाद घालू नका. दृष्ट काढल्याने अपाय नाही, पण तेवढ्यासाठी डॉक्टर लांबवू नका.

तासगावची आई

सर्वांची उत्तरे यांना वाचून दाखवली. हे काही बोलले नाहीत, पण उठून शेडला कुलूप लावून आले. संध्याकाळी बांधावर बसून मी मुलाला सरळ विचारले. बराच वेळाने तो म्हणाला, "कधीकधी येतं मनात." रात्री १४४१६ वर बोललो, मी त्याच्याजवळच झोपले. आता सकाळच्या एसटीने आम्ही तिघे मिरजेला निघालो आहोत. आजची फवारणी दीर बघणार आहेत.