छातीत दुखते तेव्हा पहिली तपासणी कोणती असावी: ट्रेडमिल की सीटी अँजिओ?

गोदाकाठ (धागाकर्ती):
माझे थोरले दीर 54 वर्षांचे आहेत. जिना चढताना छातीवर दडपण येते म्हणून त्यांची ट्रेडमिल चाचणी (फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा ईसीजी आलेख काढणे) झाली. ती नॉर्मल आल्यावर पित्ताचे औषध देऊन त्यांना घरी पाठवले गेले. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी अँजिओ (औषध टोचून सीटी स्कॅनने हृदयाच्या धमन्यांचे चित्र काढणे) करायला लावली, तेव्हा हृदयाच्या पुढच्या बाजूच्या डाव्या धमनीत चरबीचा मऊ थर साचलेला दिसला आणि त्या जागी धमनी सुमारे 40 टक्के अरुंद झालेली होती. त्या दिवसापासून त्यांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि ॲस्पिरिन सुरू आहे.

श्रम करताना हृदयाला रक्त कमी पडते का, एवढेच ट्रेडमिल सांगते आणि धमनी बरीच अरुंद झाल्याखेरीज त्या आलेखात बहुधा फरक पडत नाही. झटका मात्र पुष्कळदा मध्यम आकाराचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमल्याने येतो. सीटीत धमनीची पोकळी दिसते, तशीच तिची भिंतही दिसते. स्कॉटलंडमधील 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात छातीत दुखणाऱ्या 4,146 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तपासणीखेरीज सीटी अँजिओही केली. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण त्या गटात 2.3 टक्के, तर दुसऱ्या गटात 3.9 टक्के राहिले. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2016 मध्ये अशा रुग्णांसाठी सीटी अँजिओलाच पहिले स्थान दिले. आपल्याकडे ती अजूनही ट्रेडमिलनंतरची तपासणी मानली जाते, हे मला चुकीचे वाटते.

पानगळ:
ताई, मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे आणि आपल्या निष्कर्षाशी सहमत नाही. 'स्कॉट-हार्ट'च्या आकड्यांबरोबर अमेरिका आणि कॅनडामधील 'प्रॉमिस' अभ्यासाचे आकडेही पाहावे लागतील. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात 10,003 रुग्ण होते. त्यात मृत्यू, झटका आदी घटनांचे प्रमाण सीटीच्या गटात 3.3 टक्के आणि ट्रेडमिलसारख्या चाचण्यांच्या गटात 3.0 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. मात्र पहिल्या 90 दिवसांत नळी घालून करायच्या अँजिओग्राफीपर्यंत सीटीच्या गटातले 12.2 टक्के रुग्ण पोहोचले, दुसऱ्या गटातले 8.1 टक्के. स्टेंट किंवा बायपासही सीटीच्या गटात अधिक झाले.

मला खरी काळजी याच साखळीची आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे 46 वर्षांचे एक शेतकरी आले होते. त्यांना कसलाही त्रास नव्हता. शहरातील एका रुग्णालयाच्या आरोग्य तपासणी पॅकेजमध्ये सीटी अँजिओ होती, तिच्यात 60 टक्के ब्लॉकेज आले आणि आठवड्याच्या आत स्टेंट बसवून, कर्ज काढून ते घरी परतले. स्थिर आजारात औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके कमी होतात असे 5,179 रुग्णांच्या 'इस्केमिया' अभ्यासात 2020 मध्ये दिसले नाही, आणि त्यातले रुग्ण तर चाचणीत रक्तपुरवठा स्पष्टपणे कमी पडणारे होते. ब्लॉकेज हा शब्द एकदा कानावर पडला की घरच्यांना झोप लागत नाही आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत ते कशालाही होकार देतात.

आपल्या दिरांबाबतही एक विचारतो. 40 टक्के अरुंदीमुळे जिना चढताना दडपण येणे संभवत नाही. मग त्यांचे दडपण कशाचे होते?

दीपमाळ:
मी सीटी विभागात तंत्रज्ञ आहे, म्हणून मशीनच्या बाजूने थोडे लिहिते. चित्र चांगले यायचे तर नाडी साठ-पासष्टच्या खाली हवी. त्यासाठी नाडी मंदावणारे मेटोप्रोलोल आणि धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतो. नाडी अनियमित असेल किंवा रुग्णाला श्वास रोखता आला नाही, तर चित्र हलते. वयस्कर आणि मधुमेही रुग्णांच्या धमन्यांत कॅल्शियम बरेच असते आणि ते सीटीत प्रत्यक्षापेक्षा मोठे उमटते, त्यामुळे अरुंदी फुगवून सांगितली जाण्याचा धोका असतो. आयोडीनयुक्त औषध टोचायचे असल्याने मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी पाहावीच लागते. याउलट धमन्या स्वच्छ दिसल्या तर त्या निष्कर्षावर बऱ्याच विश्वासाने विसंबता येते, आणि माझ्या मते या तपासणीची खरी ताकद तीच आहे. नुसत्या कॅल्शियम स्कोअरला (औषध न टोचता सीटीने धमन्यांतले कॅल्शियम मोजण्याला) मात्र लोक सीटी अँजिओ समजतात. तरुण माणसाचा स्कोअर शून्य असला तरी मऊ थर त्यात दिसत नाही.

गोदाकाठ:
डॉक्टरसाहेब, त्या शेतकऱ्यांच्या बाबतीत आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. काहीही त्रास नसलेल्या माणसाला पॅकेजमध्ये ही तपासणी विकण्याच्या मी विरोधातच आहे. परंतु त्यांचे उदाहरण छातीत दुखणाऱ्या रुग्णाला लावू नये. 'स्कॉट-हार्ट'मध्ये पाच वर्षांअखेर स्टेंट आणि बायपास दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच झाले होते. सीटीच्या गटात प्रतिबंधक औषधे अधिक जणांना सुरू झाली आणि तिथला फायदा मुख्यतः त्या गोळ्यांचा असावा असे मला वाटते. 'प्रॉमिस'मध्येही नळी घालून मोठा अडथळा न सापडलेले रुग्ण सीटीच्या गटात कमी होते, 3.4 टक्के विरुद्ध 4.3 टक्के. नको असलेली अँजिओग्राफी टळते ती अशी.

दिरांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. तिसऱ्या मजल्यावर पोहोचताना दडपण अजूनही येते. थराला औषध मिळाले म्हणून आम्ही सगळे निश्चिंत झालो होतो.

पानगळ:
मग तो शोध अपुरा राहिला आहे. गोळ्या चालू ठेवाव्यात, त्या योग्यच आहेत; पण हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून घ्यावे. मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजाराने असे दडपण येऊ शकते. त्या वाहिन्या सीटी अँजिओत दिसत नाहीत, त्यासाठी रक्तपुरवठा मोजणारी वेगळी चाचणी लागते. दडपण बसल्या जागी येऊ लागले, वाढले किंवा घामासह आले, तर तपासण्यांची वाट न पाहता त्यांना थेट तातडीच्या विभागात न्यावे.