टो रेटिंग ११,००० पौंड, ट्रेलर ७,६०० चा, माणसं सहा: हाफ-टन ट्रक पुरेल का?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी, ट्रक घ्यायचाय, सल्ला हवाय. आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला असतो, मी, नवरा आणि दोन मुलं (९ आणि ६). पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई-सासरे नाशिकहून येतायत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे तंबूत जमिनीवर झोपणं शक्यच नाही, आणि दर दोन दिवसांनी हॉटेल बदलत फिरण्यापेक्षा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा असं ठरतंय, म्हणजे आपलं किचन आपलं बाथरूम, सकाळी उठून सासूबाईंना पोहे टाकता आले की त्याही निवांत.

ट्रेलर पसंत पडलाय, २६ फुटी, बंक बेडवाला, ड्राय वेट (रिकामं वजन) ५,६०० आणि जीव्हीडब्ल्यूआर (सगळं भरून चालणारं कमाल वजन) ७,६०० पौंड. ट्रक एक वापरलेला हाफ-टन (मोठ्या पिकअपमधला हलका वर्ग) बघितलाय, वरची ट्रिम म्हणजे महागडी आवृत्ती, लेदर, मोठं सनरूफ, टो रेटिंग (किती वजन ओढू शकतो तो आकडा) ११,००० च्या वर. सेल्समन म्हणतो डोळे झाकून घ्या, आरामात ओढेल. पहिली ट्रिप आय-७० हायवेने युटातल्या मोआबला, नंतर यलोस्टोन. घरातली सगळी माणसं एकाच गाडीत असणार म्हणून पोटात गोळा येतो. काय काय बघावं?

सह्याद्री_ते_रॉकीज
ताई, टो रेटिंग सध्या बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळ्या पट्टीचं पांढरं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. तो तुमच्या त्या एका ट्रकचा पेलोड. ब्रोशरमधला नाही, त्याच ट्रकचा, कारण सनरूफ, लेदर, पॉवरच्या सीट, असलं जे जे कंपनीने बसवलं त्याचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून एकाच मॉडेलमध्ये साध्या ट्रिमचा पेलोड जास्त आणि भारी ट्रिमचा कमी निघतो.

आता हिशोब. ट्रेलरचं ड्राय वेट विसरा, त्या वजनाने तो कधीच रस्त्यावर येत नाही. पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच, वर प्रोपेनचे दोन सिलिंडर, बॅटरी, भांडीकुंडी, गाद्या, कपडे. ७,००० धरा. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या भागावर) यावा लागतो, मधला १३ टक्के धरला तर ९०० च्या आसपास. हा टंग वेट ट्रकच्या पेलोडमधून जातो, आणि नेमकं हेच सेल्समन सांगत नाहीत. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं स्वतःचं वजन ९० च्या घरात. चार मोठी माणसं नि दोन मुलं मिळून ७५० धरू (ड्रायव्हरही त्यातच मोजायचा). ट्रकच्या मागच्या हौद्यात कूलर, खुर्च्या, लाकडं, १५० तरी. झाले १,८९०. फुल टाकी इंधन स्टिकरमध्ये आधीच धरलेलं असतं, ते परत मोजू नका.

टो रेटिंगचं सांगायचं तर एसएई जे२८०७ नावाच्या स्टँडर्डप्रमाणे चाचणी होते, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाचा निकष त्यात आहे, पण त्या हिशोबात ट्रकमध्ये माणसं दोनच, प्रत्येकी १५० पौंडांची. तुम्ही सहा जण. आकडा खोटा नाहीये, तुमच्या घराला लागू पडत नाही इतकंच.

डोंगरवाट
आत्ताच जाऊन बघून आलो. १,४३४ लिहिलंय. म्हणजे साडेचारशे पौंडांनी जास्त होतंय?? आणि आम्ही जवळपास टोकन देऊन मोकळे होणार होतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिचने भागेल असं सेल्समन म्हणाला, ते खरं का?

टेक्सासचा_पाटील
नाही भागणार. त्या हिचने मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या ॲक्सलकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे जातो, ट्रकचं नाक वर उचललं जात नाही, स्टिअरिंग हलकं पडत नाही. हिच लावायचीच, त्यात वाद नाही. पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. मागच्या सस्पेन्शनला एअर बॅग (हवेच्या पिशव्या) टाका म्हणणारेही भेटतील, त्याने मागचा भाग उचलल्यासारखा दिसतो, ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात.

माझं स्पष्ट मत, सहा माणसं आणि हा ट्रेलर म्हणजे थ्री-क्वार्टर टन (हाफ-टनच्या वरचा वर्ग) घ्या: एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५००एचडी यातला जो बरा मिळेल तो, आणि पेट्रोल इंजिनचा. डिझेलची ओढ जबरदस्त असते, उतारावर त्याच्या एक्झॉस्ट ब्रेकसारखी (इंजिनच वेग आवरतं) दुसरी सोय नाही हे मान्य, पण ते इंजिन जड, आणि बऱ्याच थ्री-क्वार्टर टन ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० वरच बांधलेला असतो, त्यामुळे भारी ट्रिमचा डिझेल घेतलात तर पेलोड परत हाफ-टनच्या जवळ येऊन बसतो. साध्या ट्रिमचा पेट्रोल असेल तर ३,००० च्या आसपास मिळतो. शिवाय साध्या ट्रिममध्ये पुढे सलग बाकाची सीट मिळते, सहा बेल्ट हवेत ना तुम्हाला. सासऱ्यांना पुढे दाराकडे बसवा, गुडघ्यांना जागा मिळेल, मधे तुम्ही, मुलं आणि सासूबाई मागे. सबर्बन, एक्स्पिडिशन असल्या एसयूव्हीत माणसं छान बसतात पण पेलोड हाफ-टनसारखाच.

रिकामा असताना हा ट्रक दणके देतो आणि डाउनटाउनच्या पार्किंगमध्ये त्रास होतो, रोज ऑफिसला न्यायचा असेल तर आधी चालवून बघा.

कृष्णाकाठ
पाटलांशी सहमत, पण दुसरी वाट पण सांगतो. सासू-सासरे परत गेल्यावर तुम्ही चौघंच असाल तर ट्रेलर लहान करा, ट्रक तोच वर्ग ठेवा. जीव्हीडब्ल्यूआर ५,५०० च्या आतबाहेरचे, दोन ॲक्सलचे २१-२२ फुटी मिळतात, टंग वेट साधारण ७०० वर येतो. १,८०० च्या पुढे पेलोड असलेला हाफ-टन शोधलात तर जमतं. १,४३४ वाला मात्र तरीही नाही, सहा माणसांत तो संपतो.

आय-७० बद्दल, आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो. पण मला चढाची काळजी नाही, चढावर उजव्या लेनने हळू गेलं तरी चालतं. टनेलनंतर सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्क्यांचा उतार आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तिथे मुद्दाम रॅम्प काढलेत त्यावरून समजा. टो/हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) आधीच लावा, खालचा गिअर धरा, ब्रेकवर पाय सतत ठेवू नका, मधून मधून नीट दाबा आणि सोडा. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर कंपनीने बसवलेला असेल तर उत्तम. नसेल तर आधी तो लावून घ्या.

सामान भरताना जड वस्तू ट्रेलरच्या ॲक्सलच्या थोड्या पुढे, जमिनीलगत. मागे जास्त भरलं की बैलगाडी उलार होते तसं हिचवरचं वजन कमी होतं आणि मग ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालंच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही, गॅसवरचा पाय काढायचा आणि कंट्रोलरची पट्टी हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. हे नवऱ्याला आणि तुम्हाला दोघांना यायला हवं, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ती पट्टी हाताला सापडेपर्यंत सराव करा.

सह्याद्री_ते_रॉकीज
एक राहिलं. कुठलाही घेतलात तरी ट्रिपच्या आधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) न्या. पुढचं ॲक्सल, मागचं ॲक्सल, ट्रेलरची चाकं अशी तीन वेगळी वजनं छापून मिळतात. पहिल्या दोनची बेरीज दारावरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या आत हवी, आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा पण दारावरच असते तीही बघा. ट्रेलर सोडून परत एकदा वजन केलं की फरकातून हिचवरचा भार कळतो. आणि हिचच्या खालचं लेबल वाचा, वेट डिस्ट्रिब्युशनसकट आणि त्याशिवाय असे दोन वेगळे आकडे असतात.

डोंगरवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने सेल्समनला आत्ताच नाही म्हणून कळवलं. ट्रेलर २६ फुटीच हवाय कारण दारासह वेगळी खोली असलेला तोच आहे आणि सासऱ्यांना रात्री उठावं लागतं. त्यामुळे साध्या ट्रिमचा, बाकाच्या सीटचा थ्री-क्वार्टर टन पेट्रोल शोधतोय, कुठलाही बघायला जायच्या आधी त्या दारावरच्या स्टिकरचा फोटो मागवणार. ऑरोरा-डेन्व्हर भागात कोणाला असा दिसला तर प्लीज इथेच टाका.