होतकरू फुटबॉल पंचांना व्यावसायिक स्तरापर्यंत कसे न्यावे?

मध्यवर्तुळ

नमस्कार. आमच्या संघटनेत पंचांच्या नेमणुका करण्याचे आणि नवे पंच तयार करण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. सध्या माझ्यासमोर १९ ते २२ वयाचे तीन तरुण पंच आहेत. फुटबॉलचे सतराही नियम तिघांना तोंडपाठ आहेत, धावण्याच्या चाचण्या ते सहज पार करतात आणि लेखी परीक्षेतही तिघांचे गुण जवळजवळ सारखेच आहेत. मैदानावर मात्र तिघांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो आणि तो नेमका कशात आहे, हे मला शब्दांत मांडता येत नाही.

मागच्या पंधरवड्यातील एक प्रसंग सांगतो. तिघांपैकी नियमांत सर्वांत पक्का असलेल्या पंचाने ८०व्या मिनिटाला पेनल्टी दिली. बचावपटूने मागून पाय अडकवला होता आणि मी गोलरेषेपाशी उभा असल्यामुळे मला ते स्वच्छ दिसले होते, त्यामुळे निर्णय बरोबर होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण शिट्टी वाजली तेव्हा पंच मध्यवर्तुळाच्या जेमतेम पुढे पोहोचला होता. खेळाडूंनी त्याला गराडा घातला, तो दोन पावले मागे सरला आणि उरलेली दहा मिनिटे सामना त्याच्या हातात राहिला नाही. नंतर मी त्याला "निर्णय बरोबर होता" एवढेच सांगू शकलो. त्याला त्याहून अधिक काही ऐकायचे होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

व्यावसायिक स्तरावर कोण टिकेल हे या वयात ओळखता येते का, त्यांना किती वेगाने वर न्यावे आणि सामन्यानंतर त्यांच्याशी नेमके काय बोलावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुनी शिट्टी

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण सांगितलेल्या प्रसंगातच आहे. मी बरीच वर्षे पंच म्हणून आणि त्यानंतर सामना-निरीक्षक म्हणून काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

पस्तीस-चाळीस मीटरांवरून दिलेला बरोबर निर्णय आणि दहा-पंधरा मीटरांवरून दिलेला बरोबर निर्णय कागदावर सारखेच असतात, पण खेळाडूंच्या लेखी ते एक नसतात. पंच जवळ उभा असला की हुज्जत घालणाऱ्यालाही मनातून ठाऊक असते की याने पाहिले आहे. म्हणून त्या मुलाला निर्णयाविषयी काही सांगण्याऐवजी "शिट्टीच्या आधीच्या दहा सेकंदांत तू कुठे होतास आणि तिथेच का थांबलास?" असे विचारायला हवे होते. माझा अंदाज असा की बचावफळीतून चेंडू लांब मारला गेला आणि तो हवेतला चेंडू पाहत राहिला. होतकरू पंचांमध्ये ही सवय फार आढळते. चेंडू हवेत असताना फाउल होतो तो एकतर चेंडू मारून झाल्यावर उशिरा आलेल्या पायाकडून, नाहीतर चेंडू पडण्याच्या जागी एकमेकांना रेटणाऱ्या खेळाडूंकडून, आणि आकाशाकडे पाहणाऱ्या पंचाच्या हातून हे दोन्ही निसटतात. चेंडू सुटल्यावर क्षणभर मारणाऱ्याच्या पायांकडे पाहायचे, मग नजर थेट चेंडू पडण्याच्या जागेवर न्यायची आणि तोवर आपले पाय त्या दिशेने निघालेले असायला हवेत, एवढी एकच गोष्ट मी नव्या पंचाकडून सलग तीन-चार सामने करून घेतो. त्या काळात त्याच्या इतर चुका मला दिसतात, पण मी त्या वहीत लिहून ठेवतो आणि बोलत नाही. एका सामन्यानंतर सात सूचना ऐकणारा पंच पुढच्या सामन्यात त्यांपैकी एकही पाळू शकत नाही.

कोण टिकेल हे ओळखण्यासाठी मी चूक झाल्यानंतरची पाच मिनिटे पाहतो. काही पंच चूक लक्षात येताच दुसऱ्या संघाच्या बाजूने एखादा निर्णय देऊन परतफेड करतात, तर काही जण त्यानंतर शिट्टी वाजवायलाच कचरतात. एखादाच असा निघतो, की जो पुढचा प्रसंगही आधीच्याच मापाने मोजतो आणि सामना संपल्यावर स्वतःहून येऊन म्हणतो, "तिथे माझे चुकले." नियम शिकवता येतात, उभे राहण्याच्या जागा शिकवता येतात, पण हा स्थिरपणा घडायला वर्षे लागतात, म्हणून तो आधीपासून ज्याच्यात थोडा तरी आहे त्याच्यावर मी अधिक वेळ खर्च करतो.

नियम तोंडपाठ असणे आणि नियमाने विचार करणे यांतही अंतर आहे. गोलची स्पष्ट संधी हिरावली गेली का, हे ठरवताना चार गोष्टी पाहायच्या असतात: गोलपासूनचे अंतर, खेळाची एकूण दिशा, चेंडू आक्रमकाच्या ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता, आणि बचावपटू कुठे व किती आहेत. परीक्षेत सगळेच ही यादी लिहितात. परंतु चांगला पंच फाउल होण्याच्या आधीच, आक्रमक मोकळा सुटताना, या चारही गोष्टी मनात मोजत असतो, आणि म्हणून लाल कार्ड काढताना त्याचा हात अडखळत नाही. चित्रफीत फाउलच्या दोन सेकंद आधी थांबवून "आता काय काय दिसते आहे, ते सांग" असा सराव घेतल्यास ही सवय लवकर लागते.

वेगाविषयी माझे मत स्पष्ट आहे. फिफाच्या आंतरराष्ट्रीय यादीत मुख्य पंच म्हणून येण्यासाठी किमान २५ वर्षे वय लागते, आणि त्याआधी देशातील सर्वोच्च श्रेणीत नियमित काम केलेले असावे लागते. म्हणजे विसाव्या वर्षी हाताशी वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही. वरच्या श्रेणीतील सामन्यावर त्यांना आधी चौथा पंच, म्हणजे मैदानाबाहेर संघांच्या बाकांजवळ थांबणारा पंच, म्हणून पाठवा. तिथल्या खेळाची गती, प्रशिक्षकांची भाषा आणि खेळाडू बदलताना होणारी घाई त्यांना जवळून पाहू द्या, मग त्याच श्रेणीत शिट्टी हातात द्या. २००२च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे पंच पिएरलुईजी कोलिना दोन्ही संघांच्या डावपेचांचा अभ्यास करून मैदानात उतरण्यासाठी ओळखले जात. कोणता संघ कोणत्या बाजूने आक्रमण करतो, हे आधी माहीत असलेला पंच दहा मीटर पुढेच उभा असतो, आणि आपल्या मुलाला त्या दिवशी नेमके तेवढेच कमी पडले.

धावपट्टी

मी पंचांच्या शारीरिक तयारीचे काम करतो. वरील विवेचनाशी मी सहमत आहे, फक्त "धावण्याच्या चाचण्या ते सहज पार करतात" या वाक्यावर थोडे लिहितो.

आंतरराष्ट्रीय स्तरावरील पुरुष पंचांच्या चाचणीत ४० मीटरांच्या सहा धावा असतात. प्रत्येक धाव ६ सेकंदांत पूर्ण करायची आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचे आणि २५ मीटर १८ सेकंदांत चालायचे, असे चाळीस वेळा, म्हणजे एकूण ४ किलोमीटर. ही चाचणी उंबरठ्यासारखी आहे. ती पार केली म्हणजे आत येण्याची परवानगी मिळाली, इतकाच तिचा अर्थ. व्यावसायिक सामन्यात पंच साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, आणि ते सरळ रेषेत नव्हे तर मागे, तिरके, थांबत, वळत. ८०व्या मिनिटाला मध्यवर्तुळापाशी राहिलेल्या त्या पंचाचे लक्ष चेंडूवर खिळले असेलही, पण तो थकलेला असण्याची शक्यताही तितकीच आहे. त्या आठवड्यात त्याने किती सामने केले होते, हे कृपया पाहावे. होतकरू पंचाला सगळेच बोलावतात आणि तो नाही म्हणत नाही. शनिवारी दोन, रविवारी आणखी दोन सामने करणारा मुलगा प्रत्येक सामन्यात राखून धावायला शिकतो आणि पुढे ही राखून धावण्याची सवय मोडायला फार कष्ट पडतात. नेमणुका आपल्याच हातात असल्यामुळे यावर मर्यादा घालणे आपल्याला शक्य आहे.

सरावात मी पंचांना वेगवान धावांचा एक संच झाल्यावर, श्वास खाली येण्याआधीच, पाच-सहा सेकंदांची एक चित्रफीत दाखवतो आणि लगेच निर्णय मागतो. ताजेतवाने असताना दिलेला निर्णय आणि दम लागलेला असताना दिलेला निर्णय यांत पडणारा फरक पंचाने स्वतः पाहिला, की मला त्याला फारसे काही समजावून सांगावे लागत नाही.

टचलाइन

मी साहाय्यक पंच आहे, म्हणजे कडेच्या रेषेवर निशाण घेऊन धावते, म्हणून दोन गोष्टी आवर्जून लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की तिघांनाही मुख्य पंचच व्हायचे आहे, हे गृहीत धरू नये. साहाय्यक पंचाचे काम ही दुय्यम पायरी नसून ते स्वतंत्र कौशल्य आहे. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत सतत राहायचे, पास सुटला तो क्षण टिपायचा आणि निशाण उचलण्याआधी ऑफसाइडमधला (पास सुटताना त्या बचावपटूच्या आणि चेंडूच्याही पुढे, गोलकडे असलेला) खेळाडू खरोखर खेळात सहभागी होतो का, हे पाहण्यासाठी थांबायचे. हे थांबणे शिकायला मला दोन मोसम लागले. एखादी मुलगी किंवा मुलगा इथे उत्तम असेल, तर त्याला किंवा तिला याच वाटेने वर न्यावे. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने २०१०मध्ये स्वित्झर्लंडमधील न्योन येथे तरुण पंचांसाठी केंद्र सुरू केले, तेव्हा एकेका पंचाला एकटे न बोलावता एक मुख्य पंच आणि दोन साहाय्यक अशा त्रिकुटाला एकत्र प्रशिक्षण देण्याची पद्धत ठेवली. आपल्याकडे तिघे आहेतच. त्यांना काही सामने एकत्र देऊन, जागा बदलून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. माझ्या पहिल्या वर्षी एका सामन्यात यजमान संघाचे प्रशिक्षक पूर्वार्धभर माझ्या मागे-मागे चालत मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत राहिले. मी सामना पूर्ण केला, अहवाल पाठवला आणि संघटनेतून कोणाचा तरी फोन येईल म्हणून आठवडाभर वाट पाहिली. फोन आला नाही. मी निशाण परत करायला निघाले होते. त्या शनिवारी एक ज्येष्ठ पंच, ज्यांचा त्या सामन्याशी काहीही संबंध नव्हता, माझ्या बाजूच्या रेषेबाहेर येऊन नव्वद मिनिटे नुसते उभे राहिले. मी आज इथे आहे ती त्या नव्वद मिनिटांमुळे.

२०१९-२०च्या मोसमापासून प्रशिक्षकांनाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवण्याची तरतूद नियमांत आहे. पण बाकाजवळ जाऊन वयाने दुप्पट असलेल्या माणसासमोर, आवाज न चढवता, दोन वाक्यांत बोलून कार्ड कसे दाखवायचे, हे पाठांतराने येत नाही. आम्ही आता त्याची तालीम करतो: एकाने प्रशिक्षक व्हायचे, दुसऱ्याने पंच, आणि बाकीच्यांनी पंचाचे हात, खांदे आणि पाय पाहायचे. गराडा पडल्यावर मागे सरणाऱ्या पंचाला बाजूला वळून मोकळ्या जागेकडे चालत जायला आणि फक्त कर्णधाराला जवळ बोलवायला शिकवता येते. १ डिसेंबर २०२२ रोजी स्टेफनी फ्रापार्त पुरुषांच्या विश्वचषकात मुख्य पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला ठरल्या, तो कोस्टा रिका आणि जर्मनी यांचा सामना मी फक्त त्यांच्या चालण्यासाठी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. निर्णय दिल्यावर त्या कुठे जातात आणि किती कमी हातवारे करतात, हे पाहण्यासारखे आहे.

मध्यवर्तुळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धावपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे नोंदी तपासल्या. त्या पेनल्टीच्या आधीच्या आठ दिवसांत त्या पंचाने पाच सामने केले होते आणि त्यांपैकी चार नेमणुका मीच केलेल्या होत्या. याची जबाबदारी माझी आहे, आणि ते मी त्याला उद्या प्रत्यक्ष भेटून सांगणार आहे.

एक शंका उरते. व्यावसायिक स्तरावर आता पडद्यावर चित्रफीत पाहून मैदानावरील पंचाला मदत करणारा व्हिडिओ साहाय्यक पंच असतो. आमच्या सामन्यांत ती सोय नाही. मग या तिघांची त्या दृष्टीने तयारी कशी करावी?

जुनी शिट्टी

ती चिंता इतक्यात करू नये. २०१८मध्ये व्हिडिओ साहाय्य नियमांत आले तेव्हापासून त्याची पहिली अट हीच आहे, की मैदानावरील पंचाने आधी स्वतः निर्णय दिलाच पाहिजे. "मला दिसले नाही, तुम्ही पाहा" असे त्याला म्हणता येत नाही. तेव्हा पडद्याविना निर्णय घ्यायला शिकलेला पंचच पडद्यासमोर उभा राहू शकतो. एक सवय मात्र आतापासून लावता येईल. प्रत्येक मोठ्या निर्णयानंतर आपण काय पाहिले, हे एका वाक्यात स्पष्ट बोलता आले पाहिजे: "मागून आला, चेंडूला पाय लागला नाही, घोट्यावर लागला." वर गेल्यावर कानातल्या यंत्रातून हेच वाक्य बोलावे लागते.

उद्या त्या मुलाला भेटाल तेव्हा आधी त्यालाच तो प्रसंग सुरुवातीपासून सांगू द्या आणि मध्ये बोलू नका. त्याच्या पुढच्या सामन्याची तारीख इथे कळवलीत, तर मी येऊन त्याच गोलरेषेपाशी उभा राहीन.