ध्यानात मन लागत नाही, नदीकाठी लागतं. ही साधना म्हणायची का?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी, मी भडगावकडचा. घरात सगळे ध्यानाला बसणारे, वडील रोज पहाटे बसतात, वहिनी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आली आणि तिच्यात खरंच फरक पडलाय, आम्हाला सगळ्यांना दिसतो. मग मीपण शिबिर केलं. पहाटे चारला उठणं, मौन, श्वासाकडे लक्ष, सगळं नीट पाळलं. पण डोळे मिटले की मला आत मीच भेटतो, माझेच हिशोब, माझीच भांडणं. आणि उन्हाळ्यात गिरणा धरणाचं आवर्तन, म्हणजे धरणातून नदीत पाणी, सुटतं ना, तेव्हा कोरड्या वाळूतून पाणी हळूहळू पुढे सरकत येतं, आधी वाळू काळी पडते, मग खड्डे भरतात, मागून बगळे येतात, ते बघत बसलो की माझ्यातला मी कुठे जातो कळतच नाही, अंधार पडतो तरी उठवत नाही. देवळात पण मला असं कधी झालं नाही. वहिनी म्हणते हा विरंगुळा आहे, साधना नाही, कारण नदी समोर नसेल तेव्हा काय करशील? प्रश्न डोक्यातून जात नाहीये. कोणाला असा अनुभव आहे का?

सातपुडा_पायवाट:
आहे भाऊ, आणि मी त्याला साधनाच म्हणतो. मी रानपिंगळ्यापायी जंगलात जायला लागलो. छोटं घुबड, पण दिवसासुद्धा फिरणारं, सागाच्या शेंड्यावर उन्हात बसलेलं दिसतं. 1884 नंतर याची खात्रीची नोंदच नव्हती, जगाने नामशेष धरलं होतं, आणि 1997 मध्ये तो सापडला कुठे तर आपल्या शहाद्याजवळ! 113 वर्षं! मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की तो तेवढा काळ इथेच होता, पिल्लं वाढवत होता, सरडे-नाकतोडे पकडत होता, आपण बघतोय की नाही याचं त्याला काहीही देणंघेणं नव्हतं. यावलच्या जंगलात पानगळीच्या दिवसांत त्याची वाट बघत बसलो की जीव सगळा कानात येतो, पान वाजलं तरी कळतं. दिसला नाही तरी चालतं, खरं सांगतो. माझ्याशिवाय हे सगळं भरलेलं आहे, पूर्ण आहे, एवढं कळलं की डोळे भरून येतात. डोळे मिटून मला हे कधी कळलं नसतं.

केळीबाग_रावेर:
दोघांचं वाचलं, पटलं पण, तरी एक बोलतो. निसर्ग म्हणजे नुसती शांती नाही. मे-जूनमध्ये वादळ येतं आणि निसवलेली, म्हणजे घड लागलेली केळीची बाग अर्ध्या तासात आडवी होते, वर्षाची मेहनत, कर्ज, सगळं जमिनीवर. त्या संध्याकाळी बांधावर उभं राहून हात जोडता आले तर म्हणा की मला निसर्गात देव दिसतो. माझ्या आईला ते जमायचं, ती पडलेल्या घडांमधून चालत जाऊन विहिरीवर दिवा लावायची, कोणाला काही बोलायची नाही. आमच्याकडे सातपुड्यातले पावरा आदिवासी कामाला येतात, ते वाघदेवाला पूजतात. वाघ गुरं नेतो हे त्यांना माहीत नाही का? माहीत आहे, तरी पूजतात, वाघ त्यांच्यासोबत त्याच डोंगरात राहतो म्हणून. भीती आणि भक्ती एका जागी आहे तिथे. फक्त गोड वाटतं तेवढंच घेतलं तर वहिनी बोलतात ते बरोबर ठरेल, मग तो विरंगुळाच.

माई_अमळनेर:
बेटा, मी बरीच वर्षं ध्यान करते, आमच्या गावात तर 1916 मध्ये वेदान्ताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था सुरू झाली, त्यामुळे आत बघण्याची बाजू मी सोडणार नाही. पण तुझा रस्ता आपल्या परंपरेबाहेरचा आहे असं मानू नको. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताला जातोस ना? दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले म्हणतात, त्यात पृथ्वी आहे, वारा, पाणी, समुद्र, चंद्र, अजगर, मधमाशी आहे. आणि आपली मुक्ताई! चांगदेव एवढे मोठे योगी, चौदाशे वर्षं जगले म्हणतात, त्यांना गुरू म्हणून भेटली ती ही लहानगी पोर. आणि ती गेली कशी? मेहूणला, तापीच्या काठी, वीज कडाडली आणि त्यात गुप्त झाली. मिटल्या दाराच्या खोलीत नाही गेली. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांच्या देवळापाशी उभी राहिले की मला हे दरवेळी जाणवतं.

तरी वहिनीचा प्रश्न सोडू नको, तो चांगला प्रश्न आहे. दत्तगुरू पृथ्वीकडून क्षमा शिकले आणि पुढे चालू लागले, तिथेच बसून राहिले नाहीत. नदीवरून घरी आल्यावर, कोणी तुला टोचून बोललं तर त्या वेळी काठावरचं काही तुझ्यात असतं का, ते बघ.

गिरणाकाठ:
माई, हे आजपासूनच बघतो. केळीबाग दादा, तुमच्या आईंचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. आणि खरं सांगायचं तर गिरणाही वर्षातले किती महिने कोरडीच असते, त्यात वाळू उपसून उपसून पात्रात पुरुषभर खड्डे झालेत. मी पाणी असेल तेव्हाच जात होतो. आता कोरड्या पात्रातही जाईन, आणि वाळूसाठी गावात काही लोक ग्रामसभेत बोलणार आहेत, त्यांच्यासोबत उभा राहीन, एवढं तरी तिचं देणं लागतो मी. पायवाट भाऊ, यावलला पुढच्या वेळी मला न्याल का? वहिनीला पण विचारतो.

सातपुडा_पायवाट:
या की दोघं. पाल गावाकडून आत जाऊ, वनखात्याची परवानगी मी बघतो. पहाटेच निघावं लागेल, पाणी सोबत घ्या, भडक कपडे नको. आणि एक आधीच सांगतो, मोबाईलवर आवाज वाजवून पिंगळ्याला बोलवायचं नाही, पिल्लांच्या दिवसांत त्याला फार त्रास होतो. येईल तेव्हा येईल.