खड्डा न बुजवता स्मारक होऊ शकतं

आपल्याकडच्या पावसाचं पाणी साठवायच्या खड्ड्याच्या जागी स्मारक-उद्यान करायचं आहे, पण खड्डा बुजवल्याशिवाय ते कसं उभं राहणार, असा प्रश्न विचारला जातो. त्यासाठी अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली व्हाइन सिटी बघा.

ही वस्ती सखल भागात आहे. सप्टेंबर २००२ च्या मुसळधार पावसात गटारं तुंबली आणि मैलामिश्रित पाणी घराघरांत शिरलं. बरीच घरं पाडावी लागली, माणसं उठून गेली, जागा कितीतरी वर्षं ओसाड पडली. तिथेच २०२१ मध्ये १६ एकरांचं रॉडनी कुक सीनियर पार्क खुलं झालं. एक कोटी गॅलन, म्हणजे पावणेचार कोटी लिटरच्या आसपास पाणी धरण्याची त्याची क्षमता आहे. मधलं तळं एरवी शोभेचं दिसतं. जोराचा पाऊस आला की आजूबाजूचं पाणी तेच पोटात घेतं.

नागरी हक्क चळवळीतले जॉन लुइस यांचा पुतळा इथे आहे, आणि तो इथे शोभतो. मार्टिन लूथर किंग यांचं शेवटचं घर याच वस्तीतलं. पण पुरात ज्यांची घरं गेली, त्यांच्या आठवणीलाही अशा जागी मानाचं स्थान हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या स्मारक-उद्यानाच्या आराखड्याबद्दल आधी दोन गोष्टी विचारा: काम झाल्यावर पाणी मावायची क्षमता किती उरणार, आणि गाळ काढायला जेसीबी खाली उतरेल असा रस्ता ठेवला आहे का?