हायड्राझीन रॉकेटात असू दे, आपल्या एमआयडीसीतल्या बॉयलरला कशाला पाहिजे?

बॉयलरवाला_लोटे

चांद्रयानाच्या वेळी सगळ्या ग्रुपवर रॉकेटच्या विषारी इंधनाचे मेसेज फिरले आणि लोकांना वाटलं हे काहीतरी श्रीहरिकोट्याचं प्रकरण आहे, आपला काय संबंध. संबंध आहे. त्याच घराण्यातलं हायड्राझीन हायड्रेट, म्हणजे पाण्याशी जोडलेलं हायड्राझीन, ड्रममधून आपल्या कोकणातल्या कारखान्यांत येतं, बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन मारायला, नाहीतर आतून गंज चढतो. मी बॉयलरवरच काम करतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

दिसायला पाण्यासारखं, वास अमोनियासारखा. घोळ त्या वासातच आहे. माणसाच्या नाकाला हायड्राझीन कळतं साधारण ३ ते ४ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३-४ भाग). आणि अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने आठ तासांच्या ड्युटीसाठी सुचवलेली मर्यादा आहे ०.०१ पीपीएम. म्हणजे वास आला तोवर तुम्ही त्या मर्यादेच्या तीनशे पट तरी ओढून बसलेले असता, आणि आमच्याकडे पद्धत काय, तर "वास येत नाहीये ना, मग ठीक आहे". जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ह्याला माणसात कर्करोग करण्याची दाट शक्यता असलेल्या गटात टाकलंय, कातडीतून आत जातं, लिव्हर आणि मेंदू दोन्हीला लागतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. ड्रमचं बूच उघडलं की पावसाळी हवेत तोंडाशी पांढरट धूर दिसतो. हँडपंप लावायचा, प्लास्टिकच्या बादलीत काढायचं, बादली उचलून डोसिंग टाकीत (जिथून केमिकल बॉयलरच्या पाण्यात सोडतात) ओतायची, वर पाणी सोडायचं. ग्लोव्हज बोटांशी फाटलेले, तोंडाला रुमाल. हे काम कंत्राटी पोरं करतात, आसपासच्या वाड्यांमधली, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की हे काय आहे, "बॉयलरचं औषध" म्हणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. अंतराळात ह्याला आज तोड नाही तर तिथे वापरा, तिथली माणसं बाहेरून हवा घेणारा बंद सूट घालून काम करतात. पण बॉयलरला पर्याय आहेत, मग जिथे पर्याय आहे तिथून हे गेलं पाहिजे.

कुंडलिकाकाठ

दादा, पूर्ण असहमत. रोह्याला वॉटर ट्रीटमेंटमध्येच आयुष्य गेलंय म्हणून बोलतो.

एक किलो ऑक्सिजनला एक किलो हायड्राझीन लागतं आणि मागे उरतं काय, तर नायट्रोजन आणि पाणी. मीठ नाही, गाळ नाही. वर ट्यूबच्या आतला लाल गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये (लोखंडाच्याच घट्ट ऑक्साइडमध्ये) बदलतो आणि तो काळा थरच लोखंडाला वाचवतो. तुम्ही म्हणाल ऑक्सिजन मारायला दुसरं केमिकल, सल्फाइट वापरा. लहान बॉयलरला वापरा की, कोण नाही म्हणतंय. पण प्रेशर साठ किलोच्या वर गेलं की सल्फाइट फुटतं, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, वाफेबरोबर टर्बाइनकडे जातो आणि उलट तिकडे गंज. शिवाय पाण्यात क्षार वाढतात ते वेगळंच. कार्बोहायड्राझाइड हा तिसरा पर्याय म्हणाल तर तापल्यावर त्यातून हायड्राझीनच निघतं, मग काय मिळवलं?

बादलीने ओतणं हा मॅनेजमेंटचा दोष आहे, केमिकलचा नाही. ड्रमपासून टाकीपर्यंत बंद पाइप, छोटा पंप, टाकीला झाकण, व्हेंट वायू धुणाऱ्या स्क्रबरला, एवढं केलं की माणसाचा हात लागतच नाही. खर्च फार नाही, करायची इच्छा पाहिजे.

आकाशवेडा_रत्नागिरी

धागा बॉयलरचा आहे पण रॉकेटची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो, कारण "विषारी इंधन" म्हणून सरसकट बोंब मारणं मला पटत नाही.

नासाचं व्हॉएजर यान १९७७ ला सुटलं, आजही आपला अँटेना पृथ्वीकडे वळवून ठेवतं ते हायड्राझीनवर. २०१७ मध्ये व्हॉएजर १ चे ३७ वर्षं बंद असलेले थ्रस्टर चालू केले तर चालले! ह्याला आग लावायला ठिणगी लागत नाही, वेगळा ऑक्सिजन लागत नाही, इरिडियम धातूच्या कॅटॅलिस्टवरून (अभिक्रिया सुरू करणाऱ्या पदार्थावरून) सोडलं की स्वतःच फुटतं आणि गरम वायू बाहेर. उपग्रहाला दहा-पंधरा वर्षं जागेवर ठेवायचं तर इतकं भरवशाचं दुसरं काय होतं? आपल्या इस्रोचं विकास रॉकेट इंजिन ह्याच्याच भावंडावर, यूडीएमएचवर उभं राहिलं, आता त्यात पाव भाग हायड्राझीन हायड्रेट मिसळतात. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात हे इंधन आणि त्याला जाळायला लागणारा ऑक्सिडायझर मिळून चाळीस टन. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरला तोही आणखी एका भावंडावर, मोनोमिथाइल हायड्राझीनवर. तेव्हा टीव्हीसमोर रडलेली सगळी माणसं आता ह्याला शिव्या देणार का?

बॉयलरवाला_लोटे

भाऊ, शिव्या देतच नाहीये, वर लिहिलंय की अंतराळात राहू दे. पण धोका तिथेही खराच आहे. अमेरिकेचा यूएसए-१९३ उपग्रह बिघडून खाली येत होता, टाकीत साधारण साडेचारशे किलो हायड्राझीन गोठलेलं. टाकी तशीच जमिनीवर येऊन फुटेल म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी जहाजावरून क्षेपणास्त्र सोडून तो वरच फोडला.

आकाशवेडा_रत्नागिरी

त्यात उपग्रहविरोधी अस्त्राची चाचणी हाही हेतू होता असं बरेच जण मानतात, नुसतं हायड्राझीनसाठी केलं असं धरून चालू नका. बाकी पर्याय येतायत हे मलाही माहितीये. स्वीडनच्या प्रिझ्मा उपग्रहाने २०१० मध्ये आणि नासाने २०१९ मध्ये कमी विषारी इंधनं वर नेऊन चालवून दाखवली. पण ती जास्त तापतात, कॅटॅलिस्ट आणि थ्रस्टरचं मटेरियल वेगळं लागतं, आजच्या आज सगळं बदला म्हणून बदलत नाही.

देवगडकर

माका एक सांगा, ह्या रॉकेटचा त्याल आपल्या हायवेवरसून जाता काय? टँकर रोज जातत, काय भरलेला आसता ता कोणाक म्हायत. पलटी झालो की पयले धावतली ती आमचीच पोरां, मोबाईल घेवन.

बॉयलरवाला_लोटे

काका, रॉकेटचं यूडीएमएच आंध्रात तनुकूला बनतं आणि लागतं श्रीहरिकोटा नि महेंद्रगिरीला, ते आपल्या बाजूला यायचं कारण नाही. पण हायड्राझीन हायड्रेट येऊ शकतं. गाडीवरच्या केशरी पाटीवर चार आकडी नंबर असतो तो बघा. २०३० म्हणजे ३७ टक्क्यांच्या वरचं हायड्राझीन, ३२९३ म्हणजे त्याहून पातळ. ८० टक्के हायड्रेट लिहिलेल्या ड्रममध्ये खरं हायड्राझीन ५१ टक्के असतं, म्हणजे तो २०३० मध्ये येतो.

आणि पोरांना एक गोष्ट सांगून ठेवा. रस्त्यावर सांडलं तर भुसा, गोणपाट, चिंध्या टाकायच्या नाहीत. डिझेल सांडलं की आपण तेच करतो, पण हे भुशात शिरलं की आपोआप तापून पेटू शकतं. गंजलेल्या पत्र्याशीही ह्याचं जमत नाही, गंजाने ते फुटायला लागतं. वारा जिकडून येतो त्या बाजूला जाऊन लांब उभं राहायचं आणि फायर ब्रिगेडला तो नंबर सांगायचा, बस.

आरोग्यसेविका_गुहागर

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. टीबीची गोळी आयसोनियाझिड ही हायड्राझीनपासूनच बनते. १९५२ पासून वापरात आहे आणि त्या गोळीने किती घरं वाचली त्याला गणती नाही, माझ्याच भागात सुकून काठी झालेली माणसं सहा महिन्यांत पुन्हा शेतावर गेलेली बघितलीत. त्यामुळे हायड्राझीन बनवणंच बंद करा असं कोणी म्हणालं तर मी विरोध करीन.

पण कामगारांसाठी एक सांगते. टीबीच्या पेशंटला ह्या गोळीबरोबर बी-६ देतो ना, ते अशासाठी की ही गोळी अंगातलं बी-६ खाते. हायड्राझीन अंगात गेलं की तेच, फक्त फार जोरात आणि एकदम, मेंदूला शांत ठेवणारं रसायन तयार होत नाही आणि झटके येतात. दवाखान्यात शिरेतून बी-६ देतात. आता बघा, कंत्राटी पोरगा झटके येत असताना रात्री दोन वाजता आमच्याकडे आणला आणि बरोबरचा माणूस म्हणाला "बॉयलरचं औषध उडालं", तर ड्युटीवरचा डॉक्टर काय समजणार? तो फिट्सचं नेहमीचं इंजेक्शन देईल, बी-६ त्याच्या डोक्यातच येणार नाही. केमिकलचं नाव पेशंटबरोबर आलं पाहिजे. चिठ्ठी लिहून खिशात घाला पण नाव पाठवा.

दाभोळखाडी

सगळे कारखान्याच्या आतलं बोलताय. ड्रम धुतलेलं पाणी कुठे जातं ते बोला. माश्याला हे फार थोडंही जहर आहे. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा काय काय वाहून खाडीत आलं ते आम्ही बघितलंय, आणि तुमचे ड्रम बंद गोदामात असतात का उघड्या शेडमध्ये ते तुम्हीच सांगा.

कुंडलिकाकाठ

खाडीवाले दादा, राग कळतो. पण खाडीच्या गढूळ, जिवंत पाण्यात हायड्राझीन फार टिकत नाही, काही तासांत ते एखाद-दोन दिवसांत फुटून जातं. ते पाऱ्यासारखं माश्याच्या अंगात साठत नाही. खाडीचं वर्षानुवर्षांचं दुखणं हायड्राझीन नाही, दुसरं बरंच काही आहे.

दाभोळखाडी

एखाद-दोन दिवस म्हणजे तुमच्या हिशोबात थोडे. भरतीच्या तोंडाशी पिल्लं असतात तेव्हा एक दिवस पुरतो. आणि "दुसरं बरंच काही आहे" म्हणून हे सोडायचं हा कुठला न्याय?

आंबापल्प

एक शंका. आमचं छोटं कॅनिंग युनिट आहे, सीझनला भाड्याचा बॉयलर असतो, त्याच्याबरोबर केमिकलचा कॅन येतो, लेबल अर्धं फाटलेलं. वाफ थेट पल्पला लागते. काय बघू?

कुंडलिकाकाठ

ताबडतोब थांबवा आणि कॅन कशाचा आहे ते लेखी मागा. खाण्याला लागणाऱ्या वाफेत हायड्राझीन शून्य पाहिजे, अमेरिकेचा नियमच तसा आहे आणि तुमचा पल्प एक्स्पोर्टला जात असेल तर विषयच संपला. तुमच्या प्रेशरला फूड ग्रेड सल्फाइट पुरतं.

निवृत्त_टर्बाइन

रोहेकर साहेबांचं मॅग्नेटाइटचं म्हणणं बरोबर आहे पण ते जुन्या पुस्तकातलं आहे. ऑक्सिजन अगदी संपवून टाकला आणि वर हायड्राझीन ठेवलं की बॉयलरला पाणी नेणाऱ्या फीड लाइनच्या बेंडला, जिथे पाणी जोरात वळतं तिथे, तो काळा थर विरघळत जातो आणि पाइप आतून कागदासारखा पातळ होतो. बाहेरून काही दिसत नाही. अमेरिकेत सरी अणुवीज केंद्रात १९८६ ला अशीच लाइन फुटून चार माणसं गेली. त्यानंतर विचार बदलत गेला. फीड सायकलमध्ये तांबं नसेल आणि पाणी खरोखर शुद्ध असेल तर मोठ्या स्टेशनांत हायड्राझीन बंद केलं, थोडा ऑक्सिजन राहू देतात, नुसत्या अमोनियाने पीएच धरतात. म्हणजे "ह्याच्याशिवाय बॉयलर चालणार नाही" हे खरं नाही.

कुंडलिकाकाठ

काका, तुम्ही स्टेशनवाले, तुमच्याकडे कंडेन्सेट (वाफेचं परत झालेलं पाणी) शुद्ध करणारा पॉलिशर आहे, चोवीस तास केमिस्ट आहे. एमआयडीसीतल्या वीस टनी (तासाला वीस टन वाफ देणाऱ्या) बॉयलरला पाणी कसलं येतं ते माहितीये ना? प्रोसेसमधून परत आलेलं कंडेन्सेट, त्यात काय मिसळलंय देव जाणे, वर जुन्या पितळी ट्यूब. तिथे ऑक्सिजन राहू दिला तर वर्षभरात ट्यूबला भोकं पडतील. आणि बॉयलरची ट्यूब फुटली तरी माणसंच मरतात.

बॉयलरवाला_लोटे

मग कार्बोहायड्राझाइड वापरा, त्याचंच उत्तर द्यायचं राहिलं होतं. तुम्ही म्हणता त्यातून शेवटी हायड्राझीनच निघतं. निघू दे! ते बॉयलरच्या आत निघतं, बंद लोखंडात, आणि तिथेच संपतं. ड्रमच्या तोंडाशी धूर नाही, पोराच्या नाकात काही जात नाही. आत काय होतं ह्याची मला चिंताच नाही, मला बादलीची चिंता आहे. किंवा डायइथाइल हायड्रॉक्सिल अमीन घ्या, त्यात हायड्राझीनच नाही. महाग पडतं हे मान्य, पण तो खर्च आज तो पोरगा आपल्या लिव्हरने भरतोय.

आणि बंद पाइप, स्क्रबर हे सगळं तुम्ही सांगता ते कागदावर उत्तम आहे. पण १९८९ चे घातक रसायनांचे नियम बघा, आपत्कालीन आराखडा करा, शेजारच्या लोकांना माहिती द्या, ही मोठी कलमं साठा ठरावीक मर्यादेच्या वर असेल तेव्हा लागतात. आठ-दहा ड्रमवाला त्यातून सुटतो, आणि एमआयडीसीत आठ-दहा ड्रमवालेच जास्त. जिथे कोणी तपासायला येणार नाही तिथे चांगल्या हाताळणीच्या भरवशावर हे केमिकल ठेवायचं मला मान्य नाही.

कुंडलिकाकाठ

बंदीला माझा विरोध कायम आहे, कारण बंदी आली की लोक तेच केमिकल लेबल फाडून आणतात, फाटक्या लेबलचा कॅन वर आंबापल्पवाल्यांच्या शंकेत बघितलात. पण सेविका ताईंचं आणि तुमच्या ड्रमच्या मर्यादेचं म्हणणं पटलं. साठा एक ड्रम असला तरी नाव, टक्केवारी आणि २०३० नंबर फायर ब्रिगेडला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवायचा, ह्याला कुठलाही कारखानदार खर्चाचं कारण देऊ शकत नाही. मी आमच्या तीन-चार युनिटना हा मजकूर पाठवतो. ताई, तुमच्या केंद्रात शिरेतून द्यायचं बी-६ असतं का, की रत्नागिरीहून मागवावं लागतं?

आरोग्यसेविका_गुहागर

गोळ्या असतात, इंजेक्शन आमच्याकडे नाही. सोमवारी मेडिकल ऑफिसरांना विचारते आणि इथेच लिहिते.