रबर स्प्रे: गाडीच्या अलॉय (मिश्रधातूच्या) चाकांवर मारावा, की ग्रिल आणि लोगोपुरताच ठेवावा?

हबकॅप (धागाकर्ता)

अलॉय, क्रोम ग्रिल, मागचा लोगो यांचा रंग बदलायचा असेल तर पक्क्या रंगापेक्षा प्लास्टी डिपसारखा सोलून काढता येणारा रबर स्प्रे चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. खालचं मूळ काम शाबूत राहतं. गाडी विकायच्या वेळी काळी ग्रिल परत क्रोमची करता येते.

हा स्प्रे बदनाम होतो तो दोन हातांत, म्हणजे दोनच थरांत काम उरकणाऱ्यांमुळे. पातळ थराची अखंड साल निघत नाही, तुकडे पडतात आणि मग नखांनी खरवडत बसावं लागतं. किमान पाच हात हवेत. 14-15 इंची अलॉयला 311 ग्रॅमचा एक डबा धरा, चार चाकांना चार आणि एक जादा. डबा संपत आला म्हणून शेवटचा हात आखडता घेतला की त्याच चाकाची साल पुढे तुटते.

चाक शाम्पूने धुऊन ब्रेकची काळी धूळ पूर्ण काढायची, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. वॅक्सचा अंश राहिला तर रबर धरत नाही. टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचायचे, एका चाकाला 25-30 लागतात. स्पोकमधून (चाकाच्या दांड्यांमधून) मागची ब्रेकची डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर प्लास्टिकच्या पिशवीने झाकायचे. डबा मिनिटभर हलवायचा, अंतर 15 ते 20 सेंमी. पहिला हात नुसता भुरभुरता, खालचं निम्मं चाक दिसत राहिलं पाहिजे. पुढचे हात ओली चमक येईपर्यंत, मध्ये 15-20 मिनिटं सोडून. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढायची. वाळल्यावर ओढली तर टेपबरोबर रबरही फाटत येतं. नंतर चार तास हात लावायचा नाही.

रिमरक्षक

ग्रिल आणि लोगोबद्दल सहमत. अलॉयबद्दल पूर्ण असहमत, आणि कारण दिसण्याचं नाही.

चाकाच्या नटाची बैठक, म्हणजे नट जिथे निमुळत्या खाचेत घट्ट बसतो ती जागा, तिथे रबराचा थर गेला तर नट रबरावर आवळला जातो. गाडी चालली की रबर दबतं आणि पकड ढिली होते. चाक काढून रंगवणाऱ्यांकडून मागच्या बाजूला हबला (चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला) टेकणाऱ्या सपाट भागावरही फवारा जातो, तिथेही हाच धोका. नट ढिला होणं ही हौसेची किंमत असू शकत नाही.

दुसरं, बॅलन्सिंगची चिकटवजनं, म्हणजे चाक समतोल फिरावं म्हणून रिमला चिकटवतात ती छोटी वजनं. ती रबरावर चिकटवली तर वजन रबराला धरून राहतं, रिमला नाही. रबर सुटलं की वजन गेलं आणि 80 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरू लागतं. तिसरं, टायर बदलण्याच्या यंत्राचे पंजे रिमच्या कडेलाच धरतात. पहिल्याच टायरबदलात कड फाटणार, आणि फाटलेल्या कडेतून प्रेशर वॉशरचं पाणी आत शिरणार.

हबकॅप

नटाच्या बैठकीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मूळ पोस्टमध्ये लिहायला हवा होता. पण त्यावर उपाय आहे. चाक गाडीवरच ठेवून रंगवलं तर नट जागेवर असतात, बैठक आपोआप झाकलेली राहते. नटांवर फोमच्या गुंडाळ्या खोचल्या की तेही कोरे राहतात. काम झाल्यावर नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) तपासावेत, 50-100 किमीनंतर पुन्हा एकदा. वजनं रिमच्या आतल्या बाजूला असतात, तिथे फवारायची गरजच नाही.

फाटलेल्या कडेबद्दल एवढंच म्हणेन की पक्का रंगही त्याच पंजाने उडतो. रबरावर तेवढाच भाग धुऊन दोन हात मारता येतात, जोड सहसा दिसत नाही.

रिमरक्षक

चाक गाडीवर ठेवलं की स्पोकच्या आतल्या बगला अर्ध्या कोऱ्या राहतात. तिथे थर पातळ, म्हणजे तुमच्याच नियमाने तिथली साल निघणार नाही. पाच स्पोकच्या सपाट अलॉयला हे जमेल. जाळीदार अलॉयला जमत नाही.

खाडीकाठ

दोघांचंही बोलणं कोरड्या हवेतलं आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊच नये. फवाऱ्यातला द्रावक (रबर पातळ ठेवणारा पदार्थ) उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि काळ्या थरावर पांढुरकी झाक येते. नुसतं दिसायला वाईट असतं तर सोडून दिलं असतं, पण ओलावा दोन थरांमध्ये अडकला की ते एकमेकांना धरत नाहीत. सोलताना वरची साल येते आणि खालचा थर तसाच राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर, सावलीत. तापलेल्या चाकावर तर मुळीच नाही. फवारा टेकण्याआधीच वाळतो आणि खरखरीत वाळू लागल्यासारखा दिसतो.

किनाऱ्यावरच्या गाड्यांबद्दल माझं मत रिमरक्षक यांच्या बाजूने. फुटपाथला घासलेलं, रंग उडून पांढरी भुकटी धरलेलं अलॉय रबराखाली झाकणं म्हणजे खारं पाणी कोंडून ठेवणं. अशा चाकाला खरवडून, प्रायमर लावून पावडर कोटिंगच (रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजलेला थर) करावं.

काळीग्रिल

ग्रिलवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण इथे सगळे चाकातच अडकलेत. पुढच्या लोगोमागे किंवा ग्रिलमागे रडार असलेल्या गाड्या आता बऱ्याच आहेत, समोरच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल त्यावरच चालतो. त्या लोगोवर किंवा त्या काळ्या चौकोनी झाकणावर एक थेंबही नको. बंपरमधले पार्किंग सेन्सर, दिवे, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेटही झाकाव्यात. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरसीवरची नोंद बदलावी लागते, तो वेगळा विषय.

मागच्या लोगोला अक्षरांच्या फटीत टेप घालत बसू नका. भोवती तीन इंच मोकळा पत्रा सोडून बाकी भाग कागदाने झाका आणि अक्षरांसकट त्या मोकळ्या पत्र्यावरही फवारा. वाळल्यावर बाहेरच्या कोपऱ्यापासून साल उचलत आत या, अक्षराच्या कडेला ती स्वतःहून तुटते. अडली तर दातकोरणीने दाबायचं, ब्लेड लावायचं नाही. मात्र पत्र्यावर आधी गॅरेजमध्ये केलेला रंग असेल तर जपा. तयारी नीट न झालेला रंग रबराबरोबर उचलून येतो. ताज्या रंगावर निदान महिनाभर थांबा.

रोजचा_फडका

हे टिकत नाही याचं खरं कारण कोणी लिहिलेलं नाही. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसली जाते, तीही बहुधा त्याच धुळकट फडक्याने. रबराची कड त्या फडक्यात अडकते आणि आठवड्याभरात उलटी वळते. शिवाय मॅट थरावर ब्रेकची धूळ रुतते, ती फडक्याने निघत नाही, साबणपाणी आणि मऊ ब्रश लागतो. पेट्रोल, थिनर, तेलकट टायर पॉलिश यांनी हे रबर मऊ पडतं. पेट्रोलच्या झाकणाभोवती लावलेला स्प्रे त्यामुळेच आधी खराब होतो. ज्यांची गाडी दुसरा कोणी पुसतो त्यांनी चाकांवर हे लावूच नये, या मताचा मी आहे.

हबकॅप

फडक्याचा मुद्दा पटला. कड रिमच्या ओठावरून आत वळेपर्यंत फवारली तर ती कमी अडकते, पण रोजच्या कोरड्या घासण्यापुढे तेही फार दिवस टिकणार नाही.

ज्यांचा पातळ थर आता निघत नाहीये त्यांच्यासाठी: खरवडू नका. त्यावरच आणखी तीन भरपूर हात मारा, रात्रभर वाळू द्या, मग कडेपासून सोला. नवा थर जुन्याला आपल्यातल्या द्रावकाने मऊ करून आपल्याबरोबर घेऊन येतो. उन्हाने कडक झालेल्या थराला हा उपाय अपुरा पडतो, तिथे डब्ल्यूडी-40 मारून दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि फडक्याने चोळून काढायचं.

खाडीकाठ

जागेचंही लिहा. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करायचं नाही. या डब्यांतले द्रावक आणि फवारा बाहेर ढकलणारा वायू दोन्ही ज्वालाग्राही, वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटते. कापडी मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

रिमरक्षक

@हबकॅप, जाळीदार अलॉयचं उत्तर अजून राहिलंय. बगलेतला पातळ थर तुमच्या तीन हातांनी निघेल हे मान्य करायला मी तयार आहे, पण त्या तीन हातांसाठी तरी चाक काढावंच लागेल, आणि मग नटाच्या बैठकीचा प्रश्न परत समोर येतो.

हबकॅप

जाळीदार अलॉयला माझा आग्रह नाही. ते चाक काढायचंच असेल तर नटाच्या प्रत्येक खाचेत फोमचा गोळा दाबून बसवा, हबला टेकणाऱ्या भागावर टेप लावा, आणि चाक परत चढवण्याआधी दोन्ही ठिकाणी बोट फिरवून बघा. रबराचा पापुद्रा लागला तर आधी तो सोलून काढा, मगच नट लावा.